दुसरे दार

चिकोडी-निपाणीच्या सीमाभागातील शेतकऱ्याला बाजाराचा एक नियम पुस्तकातून शिकावा लागत नाही. ज्याच्यापुढे एकच दार आहे, त्याला भाव मागण्याचा अधिकार उरत नाही, हा तो नियम. तेव्हा चिकोडी तालुक्यातच मोडणाऱ्या निपाणीत १९८१ साली तंबाखू उत्पादकांनी श्री. शरद जोशी यांच्या नेतृत्वाखाली पुणे-बंगळूर रस्त्यावर ठाण मांडले आणि एप्रिल महिन्यात पोलिसांच्या गोळीबारात शेतकऱ्यांचे बळी गेले. त्या उद्रेकाच्या मुळाशी मूठभर खरेदीदारांच्या हाती गेलेला बाजार होता. घाटाखाली आपणांसही हा नियम वेगळ्या रूपाने ठाऊक आहे. दरड कोसळून घाट बंद पडला आणि बेळगावकडील गाड्या अडकल्या, की मडगाव-म्हापशाच्या बाजारात भाजीचा भाव चढतो. गिऱ्हाईक एकच असो वा विकणारा एकच असो, परिणाम सारखाच.

हा नियम तंबाखूपुरता किंवा टोमॅटोपुरता आहे, असे मात्र कोणी समजू नये. ज्याला आपण अत्याधुनिक म्हणतो त्या संगणकाच्या धंद्यालाही तो तितकाच लागू आहे. संगणक तयार करणारी कंपनी त्यातील सारेच भाग स्वतः घडवते असे नाही. संगणकाचा मेंदू म्हणावा असा जो प्रोसेसर, तो ती बहुधा दुसऱ्याकडून विकत घेते, आणि असे दुसरे जगात मोजकेच आहेत. आयबीएमने १९८१ साली आपला घरगुती संगणक बाजारात आणला तेव्हा त्यासाठी इंटेलचा प्रोसेसर निवडला. पण तोच प्रोसेसर बनवून देणारा दुसरा कारखानदारही असला पाहिजे, असा आग्रह धरला. त्या आग्रहातूनच १९८२ साली इंटेलला एएमडी या कंपनीशी करार करावा लागला. अनुभवी गिऱ्हाइकाचे शहाणपण ते हेच. पुढे १९८५ साली ३८६ हा प्रोसेसर काढताना इंटेलने हे दुसरे दार लावून घेतले, आणि मग धंद्याचे सारे पारडेच एका बाजूला झुकले.

हे पारडे किती झुकू शकते, याचे उदाहरण म्हणजे डेल कंपनी. २००३ साली एएमडीचा ऑप्टेरॉन हा प्रोसेसर आला. आयबीएम, एचपी यांसारख्या प्रतिस्पर्ध्यांनी तो स्वीकारला. डेलही तो घेण्याचा विचार करीत आहे, असे दरवर्षी बोलले जाई, आणि दरवर्षी डेल इंटेलपाशीच राही. अखेर मे २००६ मध्ये तिने तो घेण्याचे जाहीर केले. या दीर्घ विचाराचे रहस्य उलगडले ते २०१० साली. इंटेलखेरीज अन्य कोणाचा प्रोसेसर न वापरण्याच्या मोबदल्यात डेलला इंटेलकडून रकमा मिळत होत्या, असा ठपका अमेरिकेच्या रोखे बाजार आयोगाने ठेवला. आयोगाच्या हिशेबाप्रमाणे २००३ च्या आर्थिक वर्षात या रकमा डेलच्या व्यवसायातील नफ्याच्या १० टक्के होत्या. २००६ च्या वर्षात त्या ३८ टक्क्यांवर गेल्या, आणि पुढच्याच तिमाहीत ७६ टक्क्यांवर. भागधारकांना याची कल्पना दिली नाही, या आरोपावरून, आरोप मान्य वा अमान्य न करता, डेलने १० कोटी डॉलर भरून प्रकरण मिटविले. चिकोडीकडच्या शेतकऱ्याला हे समजावून सांगण्याची गरज नाही. ज्याची उचल घेतली, त्याच्याच काट्यावर माल घालावा लागतो. ही उचल कोट्यवधी डॉलरची होती, एवढाच काय तो फरक.

पण पुरवठादार बदलणे म्हणजे दुकान बदलणे नव्हे, हीही बाजू ध्यानात घेतली पाहिजे. प्रत्येक प्रोसेसरला आज्ञा समजण्याची स्वतःची भाषा असते. इंटेल आणि एएमडी यांची ही भाषा मूळची एकच. म्हणून एकाकडून दुसऱ्याकडे जाणे तुलनेने सोपे. जेथे भाषाच वेगळी, तेथे वर्षानुवर्षे लिहिलेल्या आज्ञावल्या नव्याने बांधाव्या लागतात आणि एका यंत्रावर तरबेज झालेल्या माणसांना दुसऱ्या यंत्रावर पुन्हा उमेदवारी करावी लागते. व्यापारी उचल देऊन बांधून ठेवतो, यंत्र सवयीने बांधून ठेवते. दुसरे बंधन पहिल्याहून चिवट असते.

हे बंधन तोडण्याचा प्रसंग आपल्या पुण्यातच येऊन गेला आहे, आणि त्याचा विसर पडू देणे योग्य नव्हे. १९८० नंतरच्या दशकात भारताला हव्या त्या ताकदीचा महासंगणक देण्यास अमेरिकेने नकार दिला. दिल्लीच्या हवामान केंद्रासाठी मिळाला तो त्याहून लहान, आणि तोही जाचक अटींवर. तेव्हा १९८८ साली पुण्यात सी-डॅक ही संस्था उभी राहिली आणि अकोला जिल्ह्यातून आलेल्या डॉ. विजय भटकर यांच्याकडे तिची सूत्रे आली. १९९१ साली ‘परम ८०००’ तयार झाला. महासंगणक आपला होता. प्रोसेसर मात्र इन्मॉस या ब्रिटिश कंपनीचा होता. ट्रान्सप्युटर या नावाचा हा प्रोसेसर आपल्या चार शेजाऱ्यांशी थेट बोलू शके, आणि असे अनेक प्रोसेसर एकत्र जुंपून महासंगणक बनविणे त्यामुळे शक्य झाले.

पुढे नेमके तेच घडले, ज्याची भीती एकाच पुरवठादारावर विसंबणाऱ्याने बाळगावी. इन्मॉसने टी-९००० या नव्या ट्रान्सप्युटरची घोषणा केली. पण तो वेळेवर आला नाही आणि जो आला त्यात सांगितलेला वेग नव्हता. जगभरातील ट्रान्सप्युटरवाले अडचणीत आले. टी-९००० गृहीत धरून नवे यंत्र आखून बसलेल्या जर्मनीच्या पार्सिटेक कंपनीला ते अखेर पॉवरपीसी या वेगळ्या प्रोसेसरवर उभे करावे लागले. पुण्यानेही वाट पाहत बसण्याचे नाकारले. ‘परम ८६००’ मध्ये आकडेमोडीचे काम इंटेलच्या आय-८६० कडे दिले आणि निरोपांची ने-आण ट्रान्सप्युटरकडेच ठेवली. १९९४ च्या ‘परम ९०००’ मध्ये सन कंपनीचा सुपरस्पार्क आला. पण त्या यंत्राचे खरे वैशिष्ट्य त्यात कोणता प्रोसेसर होता, हे नव्हेच. उद्या दुसरा बसविता यावा, अशा बेताने ते रचले होते, हे खरे वैशिष्ट्य. १९९८ चा ‘परम १००००’ अल्ट्रास्पार्कवर, २००३ चा ‘परम पद्म’ आयबीएमच्या पॉवर-४ वर आणि २००८ चा ‘परम युवा’ पुन्हा इंटेलवर चालला. पुरवठादार येत गेले आणि जात गेले; ‘परम’ राहिला. कारण प्रोसेसरांना जोडणारे परमनेट हे जाळे, त्यांच्याकडून काम करून घेणाऱ्या आज्ञावल्या आणि हे सारे जाणणारी माणसे आपली होती.

आमच्या मते या इतिहासाचा बोध हाच आहे. स्वावलंबन म्हणजे प्रत्येक खिळा आपल्या घरी ठोकणे नव्हे. खिळे देणारा बदलला तरी घर उभे राहील अशी बांधणी करणे, हे स्वावलंबन. आज देशी प्रोसेसरचे प्रयत्न चालू आहेत. मद्रासच्या आयआयटीचा ‘शक्ती’ आहे, सी-डॅकचे स्वतःचे काम आहे, आणि २०२२ साली सरकारने सर्वांना खुल्या असलेल्या रिस्क-फाइव्ह या आज्ञाभाषेवरील प्रोसेसरांसाठी खास कार्यक्रम जाहीर केला. या प्रयत्नांचे स्वागतच केले पाहिजे. परंतु देशी प्रोसेसर झाला की प्रश्न संपला, असे मानणे भोळेपणाचे ठरेल. एकटा पुरवठादार स्वदेशी असला म्हणून तो मक्तेदार व्हायचा राहत नाही. सरकारी खात्यांनी, बँकांनी आणि विद्यापीठांनी संगणक मागविताना कंपनीचे नाव लिहिण्याऐवजी काम काय हवे ते लिहावे, आणि आपल्या आज्ञावल्या कोणा एकाच्या यंत्रात अडकणार नाहीत याची अट घालावी. यास फारसा खर्च नाही, आग्रह लागतो.

हा विषय केवळ तज्ज्ञांचा नव्हे, हे चिकोडीनेच २०१९ च्या ऑगस्टमध्ये अनुभवले आहे. कृष्णा, दूधगंगा आणि वेदगंगा या नद्या पात्राबाहेर आल्या आणि काठची गावे पाण्याखाली गेली. सह्याद्रीवर किती पाऊस पडणार, याचे गणित मांडणाऱ्या महासंगणकांपैकी एक पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेत आहे. तेथे २०१८ साली आलेला ‘प्रत्युष’ इंटेलच्या प्रोसेसरवर चालणारा होता. २०२४ साली आलेला ‘अर्क’ एएमडीच्या प्रोसेसरवर चालतो. हा बदल वर्तमानपत्रांच्या रकान्यांत फारसा आला नाही, आणि तसे होणे हेच चांगल्या व्यवस्थेचे लक्षण होय. दूधगंगेच्या काठचा शेतकरी आणि किनाऱ्यावर होडी ओढून आभाळाकडे पाहणारा रापणकार या दोघांनाही प्रोसेसर कोणाचा, याच्याशी कर्तव्य नाही. इशारा वेळेवर आला पाहिजे, एवढेच त्यांचे मागणे आहे. तो एखाद्या दूरच्या कंपनीच्या मर्जीवर अडून राहू नये, यासाठी दुसरे दार नेहमी उघडे ठेवावे लागते, आणि ते गरज पडण्यापूर्वीच बांधून ठेवावे लागते. पाणी उंबऱ्याशी आल्यावर भिंत फोडून दार काढता येत नाही.