पायाचा हुकूम, पेटीचा निकाल

मोटार आपण चालवतो, अशी आपली समजूत असते. ती अगदीच खोटी नाही. पण आज ॲक्सिलरेटरवर पाय पडतो तेव्हा इंजिनाला हुकूम जात नाही, अर्ज जातो. जुन्या गाडीत पेडलपासून कार्ब्युरेटरपर्यंत केबल असे. पाय जेवढा दाबावा तेवढी हवेची झडप उघडे. आता पेडलशी सेन्सर असतो. तो चालकाची मागणी विजेच्या संकेतातून कळवतो आणि झडप किती उघडायची हे एक छोटी पेटी ठरवते. तिला ईसीयू म्हणतात. तिचा निकाल कसा लागतो आणि तो तपासायचा कोणी, हे दोन प्रश्न घेऊन, यंत्रशास्त्राची पदवी नसताना, मी गेली काही वर्षे दुरुस्तीची माहितीपुस्तके वाचत आणि मिस्त्र्यांशेजारी बसून स्कॅनरवरचे आकडे पाहत आलो आहे.

चार सिलिंडरचे पेट्रोल इंजिन मिनिटाला ३००० फेरे घेत असेल, तर सेकंदाला १०० ठिणग्या पडतात. प्रत्येक वेळी पेट्रोल किती आणि ठिणगी नेमकी केव्हा, हे ठरवावे लागते. क्रँकशाफ्ट कुठे आहे, हवा किती आली, इंजिन किती तापले, हे सेन्सर सांगतात. पेटीत भरून ठेवलेल्या तक्त्यांतून उत्तर मिळते. पण तक्ता म्हणजे अंदाज. म्हणून धुराच्या वाटेवरचा सेन्सर ऑक्सिजन किती उरला ते पाहतो. ऑक्सिजन उरला तर पेट्रोल वाढवायचे, नाही उरला तर कमी करायचे, अशी दुरुस्ती सतत चालते. पेट्रोलच्या एका भागाला वजनाने सुमारे १४.७ भाग हवा, हे प्रमाण सांभाळले तरच कॅटॅलिटिक कन्व्हर्टर धुरातली विषारी द्रव्ये नीट निकामी करतो. इथेनॉलमिश्रित पेट्रोलला हवा कमी लागते; तेव्हा हीच दुरुस्ती इंजेक्टर थोडा जास्त वेळ उघडा ठेवते. ठिणगी लवकर पडून इंजिन खडखडू लागले, तर तो आवाज टिपणाराही सेन्सर असतो. पेटी लगेच ठिणगी मागे सरकवते.

स्वयंचलित गिअरबॉक्सला बहुधा स्वतःची वेगळी पेटी असते. वरचा गिअर टाकताना ती इंजिनाच्या पेटीला कळवते : क्षणभर जोर कमी कर. ठिणगी उशिरा पडते, जोर उतरतो, गिअर बदलतो, जोर परत येतो. चालकाचा पाय मात्र हललेलाही नसतो. आपल्याकडे २०१४ मध्ये आलेल्या मारुती सेलेरिओत तर साध्याच गिअरबॉक्सवर क्लच दाबणारी आणि गिअर टाकणारी यंत्रणा बसवली होती. पेट्यांचा हा संवाद ‘कॅन’ नावाच्या दोन तारांवरून होतो. बॉश कंपनीने ही पद्धत १९८६ मध्ये जगापुढे मांडली. दोन पेट्या एकाच वेळी बोलू लागल्या, तर ज्या निरोपाचा क्रमांक लहान तो पुढे जातो. दुसरा थांबून पुन्हा प्रयत्न करतो.

इथवर सारे कौतुकाचे. पण तक्ते माणूसच लिहितो, आणि ते चालकाला दिसत नाहीत. सप्टेंबर २०१५ मध्ये अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने फोक्सवॅगनवर ठपका ठेवला. स्टिअरिंगची स्थिती, वेग, इंजिन किती वेळ चालू आहे आणि हवेचा दाब यांवरून त्या डिझेल गाड्यांची पेटी ओळखत असे, की आपली परीक्षा चालू आहे. परीक्षेत ती धूर स्वच्छ ठेवी. रस्त्यावर नायट्रोजन ऑक्साइड मर्यादेच्या ४० पटींपर्यंत सोडी. जगभरात अशा सुमारे १ कोटी १० लाख गाड्या निघाल्या. यंत्र बिघडले नव्हते. ते सांगितलेले काम चोख करत होते.

हे उघडकीस येण्याची सुरुवात पेटी उघडून झाली नाही. वेस्ट व्हर्जिनिया विद्यापीठाच्या संशोधकांनी मोजणीची उपकरणे गाडीत ठेवून ती खऱ्या रस्त्यांवर फिरवली, तेव्हा आकड्यांतला फरक दिसला. आपल्याकडेही १ एप्रिल २०२३ पासून भारत स्टेज ६ च्या दुसऱ्या टप्प्यात रस्त्यावरची चाचणी आली. मला ती या विषयातली सर्वांत महत्त्वाची सुधारणा वाटते. पेटीतले तक्ते वाचणे सामान्य माणसाला जमणार नाही. पण त्यांचा परिणाम, आपण गाडी चालवतो त्याच रस्त्यावर मोजला जावा, एवढा आग्रह त्याला नक्की धरता येतो.