मॅहोगनीची बोट, साच्यातली घडण

जुन्या लाकडी स्पीडबोटींचा विषय निघाला की अमेरिकेच्या क्रिस-क्राफ्टचं नाव हटकून येतं, आणि पाठोपाठ 'हातची कारागिरी' हे कौतुकही. पण मिशिगनमधल्या अल्गोनॅक गावच्या या कंपनीची खरी करामत ही कारागिरी साच्यात बसवण्याची होती. संस्थापक क्रिस्तोफर कोलंबस स्मिथ बदकांच्या शिकारीच्या होड्या बांधता बांधता शर्यतीच्या बोटींकडे वळले. मोटरबोट शर्यतींचा 1920 चा हार्म्सवर्थ करंडक जिंकणारी, धनिक शर्यतपटू गार वुडची 'मिस अमेरिका' त्यांच्याच देखरेखीखाली घडली. पण शर्यतीची बोट एका धनिकाच्या हौसेपुरती असते. त्यावर कारखाना चालत नाही. 1922 मध्ये मुलांना हाताशी धरून स्मिथ यांनी नवी कंपनी काढली, 26 फुटी नमुना पक्का केला आणि पहिल्या महायुद्धानंतर पडून राहिलेली कर्टिस ओएक्स-5 ही विमानाची इंजिनं स्वस्तात मिळवून त्यात बसवली. पुढे ठरलेले नमुने, छापील किमती आणि गावोगावचे विक्रेते हेच त्यांचं भांडवल झालं.

यावर कोणी म्हणेल, लाकूड काही पत्रा नव्हे. ते साच्याला दाद देत नाही. हे खरंच आहे. तळाला फळ्यांचे दोन थर, मधे लेप माखलेलं कॅनव्हास. स्क्रूच्या डोक्यावर लाकडी गुट्टी ठोकायची तीही रेषेला रेष जुळवून. त्यावर वॉर्निशचे हात. पण माप आधीच ठरलेलं असल्यामुळे कारागिराचं कसब या शेवटच्या बोटभर कामावर खर्ची पडे, दर बोटीचा आकार नव्याने शोधण्यात नव्हे. दुसऱ्या महायुद्धात सैन्य उतरवण्याच्या हजारो बोटी ही कंपनी बांधू शकली ती याच शिस्तीमुळे.

दुसरा आक्षेप अधिक बोचरा: इतका हिशेबीपणा होता, तर लाकूड सोडलं कशाला? उत्तर त्या हिशेबातच आहे. वर्षभर कोरड्यावर राहिलेली लाकडी बोट पाण्यात सोडली की फळ्या फुगून सांधे मिटेपर्यंत गळते. शिवाय दर हंगामाला वॉर्निश. फायबरग्लासला यातलं काही लागत नाही. 1960 मध्ये स्मिथ कुटुंबाने कंपनी विकली आणि 1970 च्या दशकाच्या आरंभी लाकडी बांधणी थांबली. हळहळणारे हळहळले, पण स्मिथ यांचं तर्कशास्त्र यात मोडलं नाही. उलट आज एवढ्या जुन्या बोटी दुरुस्त होऊन पाण्यावर आहेत त्या एकसारख्या बांधल्या गेल्या म्हणूनच. व्हर्जिनियातल्या मरिनर्स म्युझियममध्ये कंपनीची कागदपत्रं आहेत; बोटीचा क्रमांक कळवला की मूळ इंजिन कोणतं होतं आणि ती कोणत्या विक्रेत्याकडे रवाना झाली, हे तिच्या नोंदीच्या कार्डावरून पाहता येतं.