काका इंजिनिअर आहेत की नाहीत?

मागच्या महिन्यात माझ्या चुलत बहिणीचा लग्नाचा बायोडेटा बनवायला आम्ही सगळे काकांच्या घरी जमलो होतो. नाव, उंची, रास, शिक्षण असं सगळं भराभर टाईप झालं. गाडी अडली ती 'वडिलांचा व्यवसाय' या ओळीवर.

"इंजिनिअर लिही गं," आत्या म्हणाली.

"नको," काका म्हणाले. "टेक्निशियन लिही. निवृत्त."

"अरे दादा, चौतीस वर्षं मशिनी सांभाळल्यास ना? मग?"

"पगाराच्या चिठ्ठीवर कधी नव्हतं, आता बायोडेटावर कशाला?"

काका हसत बोलले, पण काकू उठून स्वयंपाकघरात गेल्या. त्यांना माहीत होतं की ही गोष्ट हसण्यावारी नेण्यासारखी नाही.

गंमत म्हणजे ज्या मुलाचं स्थळ आलंय तो बी.एस्सी. आहे. पुण्यात एका कंपनीत काम करतो आणि त्याच्या बायोडेटावर ठळक अक्षरांत लिहिलंय, 'सॉफ्टवेअर इंजिनिअर'. काकांनी दहावीनंतर तीन वर्षांचा मेकॅनिकल डिप्लोमा केला आणि इथल्याच एका कारखान्यात आयुष्य काढलं. मग इंजिनिअर कोण? मी पडले बी.ए. इंग्लिश, घरातली एकमेव 'बिगर-मशीन' व्यक्ती. पण शब्दांचा प्रश्न होता, म्हणून शोधायला बसले.

भिलाईचा जुना प्रश्न

आमचं शहरच कारखान्याभोवती वाढलं. 1955 मध्ये सोव्हिएत रशियाशी करार झाला, तेव्हा हा भाग ज्या मध्य प्रदेशात होता त्याची राजधानी नागपूर होती. 4 फेब्रुवारी 1959 रोजी राष्ट्रपती राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते पहिल्या झोतभट्टीचं उद्घाटन झालं. आज आमच्याकडे आयआयटीसुद्धा आहे. इथे मूल जन्माला आलं की लोक गमतीने विचारतात, "कोणती ब्रँच?"

तरीही याच गावात 'इंजिनिअर' या शब्दासाठी लोक झगडत आले आहेत. भिलाई इस्पात संयंत्र आणि सेलच्या इतर कारखान्यांत डिप्लोमाधारक मुलं 'ऑपरेटर कम टेक्निशियन ट्रेनी' म्हणून भरती होत आली. त्यांची मागणी बऱ्याच वर्षांची आहे : आम्हाला 'ज्युनिअर इंजिनिअर' म्हणा. रेल्वेत किंवा सार्वजनिक बांधकाम विभागात हाच डिप्लोमा घेतलेला माणूस ज्युनिअर इंजिनिअर होतो. शिक्षण तेच, फक्त दारावरची पाटी वेगळी.

तुम्ही म्हणाल, नावात काय आहे? काकांना विचारा. बढती, बाहेरची नोकरी, मुलीचं स्थळ, शेजाऱ्यांची नजर, सगळं त्या एका शब्दाला बांधलेलं असतं.

कायदा काय म्हणतो?

मला वाटलं होतं, याला काहीतरी नियम असेलच. वकिलासाठी 1961 चा कायदा आहे, चार्टर्ड अकाउंटंटसाठी 1949 चा, आर्किटेक्टसाठी 1972 चा. नोंदणी नसताना वकिली केली किंवा चार्टर्ड अकाउंटंट, आर्किटेक्ट हे बिरुद लावलं तर तो गुन्हा. पण इंजिनिअरसाठी देशपातळीवर असा कायदाच नाही! 'चार्टर्ड इंजिनिअर' हे बिरुद मात्र कुणालाही लावता येत नाही. ते इन्स्टिट्यूशन ऑफ इंजिनिअर्स ही 1920 साली स्थापन झालेली संस्था आपल्या पात्र सभासदांना देते. साधा 'इंजिनिअर' शब्द मोकळाच आहे. 2025 मध्ये व्यावसायिक अभियंत्यांसाठीच्या विधेयकाचा मसुदा लोकांच्या सूचनांसाठी मांडला गेला, म्हणजे सरकारलाही हा प्रश्न पडलाय.

आर्किटेक्टच्या बाबतीत 2020 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एक छान भेद केला. इमारतींची आखणी करण्याचं काम इतरांनाही करता येईल, पण नोंदणी नसलेल्याला 'आर्किटेक्ट' हे पदनाम देता येणार नाही. काम मोकळं, नाव राखीव.

बाहेर काय चालतं?

जर्मनीत 'इंजिनिअर' म्हणवून घ्यायला कायद्याने ठरवलेलं शिक्षण लागतं. कॅनडात त्या-त्या प्रांताचा परवाना लागतो. तिथल्या अल्बर्टा प्रांतात सॉफ्टवेअरवाल्यांनी हे नाव वापरावं की नाही यावर कोर्टकचेरी झाली आणि 2023 मध्ये सरकारने कायदा बदलून त्यांना मुभा दिली.

अमेरिकेतल्या ओरेगॉनमधली गोष्ट तर घरी सगळ्यांना वाचून दाखवली. मॅट्स यार्लस्ट्रॉम नावाच्या गृहस्थांच्या बायकोला सिग्नल तोडल्याचा दंड झाला. त्यांनी पिवळ्या दिव्याच्या वेळेचं गणित मांडून चूक दाखवली आणि पत्रात लिहिलं, 'मी इंजिनिअर आहे'. त्यांच्याकडे स्वीडनमधलं इलेक्ट्रॉनिक्सचं शिक्षण होतं, पण ओरेगॉनचा परवाना नव्हता. झाला 500 डॉलरचा दंड! शेवटी 2018 मध्ये न्यायालयाने सांगितलं की ते स्वतःला इंजिनिअर म्हणू शकतात.

मग रेघ कुठे ओढायची?

पूल, बॉयलर, लिफ्ट, दहा मजली इमारत, अशा कामाच्या कागदावर जो सही करतो, त्याची परीक्षा आणि नोंदणी हवीच. तिथे सूट नको. चूक झाली तर लोकांचा जीव जातो आणि जबाब कुणाला विचारायचा ते माहीत असायला हवं. अशा माणसासाठी 'नोंदणीकृत इंजिनिअर' हे नाव राखून ठेवावं.

पण नुसता 'इंजिनिअर' शब्द कुलूपबंद करू नये. आपण 15 सप्टेंबरला ज्यांच्या नावाने अभियंता दिन साजरा करतो, ते विश्वेश्वरय्या पुण्यात शिकले आणि 1883 मध्ये एल.सी.ई. ही परीक्षा पास झाले. बी.ई. ही अक्षरं त्यांच्या नावापुढे नव्हती. 1903 मध्ये खडकवासल्याच्या धरणावर त्यांचे आपोआप उघडणारे दरवाजे बसले, ते अक्षरं मोजून नव्हे. पदव्यांची नावं काळाप्रमाणे बदलतात. म्हणून तीन वर्षं ते शास्त्र शिकलेला आणि पुढे तेच काम करणारा माणूस 'ज्युनिअर इंजिनिअर' का नसावा, याचं उत्तर मला कुठेच सापडलं नाही.

पुण्याच्या त्या मुलालाही माझी हरकत नाही. फक्त त्याचं सॉफ्टवेअर उद्या एखाद्या हॉस्पिटलचं यंत्र चालवणार असेल, तर त्यालाही सहीचाच नियम लागू व्हावा.

हे सगळं काकांना सांगत होते, तेवढ्यात त्यांचा फोन वाजला. कारखान्यातला एक तरुण इंजिनिअर होता. "सर, कन्व्हेअरचं बेअरिंग पुन्हा गरम होतंय." काकांनी पाच मिनिटं प्रश्न विचारले, मग शांतपणे सांगितलं, "आधी अलाइनमेंट बघ, ग्रीस नंतर."

फोन ठेवल्यावर बहिणीने न विचारता टाईप केलं : 'वडील : मेकॅनिकल इंजिनिअर (डिप्लोमा), निवृत्त'. डिप्लोमा लपवला नाही, इंजिनिअरही गाळलं नाही.

काकांनी चष्मा लावून ओळ दोनदा वाचली. म्हणाले, "राहू दे."

तुमच्या घरातही असं कुणी आहे का, ज्यांचं काम मोठं आणि पदनाम छोटं? आज त्यांना विचारून बघा, चिठ्ठीवर नेमकं काय लिहिलेलं असायचं.