भनपुरीची सळई आणि जागतिकीकरणाची मोजपट्टी

रायपूरहून बिलासपूरकडे जाताना भनपुरीच्या रोलिंग मिल लागतात. येथली सळई ट्रकने सुमारे २९० किलोमीटरवरील नागपुरात उतरते तेव्हा ती 'देशांतर्गत व्यापार' असते. जागतिकीकरणाच्या कोणत्याही निर्देशांकात तिला स्थान नाही. एस्टोनियाच्या टॅलिनहून जेमतेम ८० किलोमीटरचे आखात ओलांडून हेलसिंकीला गेलेला माल मात्र निर्यात ठरतो आणि त्या देशाचा क्रमांक उंचावतो. छोट्या संक्रमणशील अर्थव्यवस्थांचे जागतिकीकरण मोजण्यातील मूळ अडचण हीच आहे.

सोव्हिएत व्यवस्था कोसळल्यानंतर नियोजनाकडून बाजाराकडे निघालेले देश किती खुले झाले, हे पाहण्याची सर्वात सोपी पद्धत म्हणजे आयात-निर्यातीच्या बेरजेला सकल उत्पादनाने भागणे. या गणितात जेमतेम १३ लाख वस्तीचा एस्टोनिया आणि ५४ लाखांचा स्लोवाकिया शंभर टक्क्यांच्या बरेच पुढे जातात. त्यात धोरणाचा वाटा आहेच. पण आकाराचाही आहे. लहान देशाला बाजारपेठ शोधण्यासाठी सीमा ओलांडावीच लागते. शिवाय स्लोवाकियात मोटारीचे सुटे भाग आयात म्हणून मोजले जातात आणि पुढे तीच मोटार पूर्ण किमतीने निर्यातीत धरली जाते.

झुरिकच्या 'केओएफ' संस्थेच्या निर्देशांकात आर्थिक, सामाजिक व राजकीय अशी तीन अंगे असतात. २०१८च्या सुधारित आवृत्तीने प्रत्यक्ष व्यवहार आणि कायद्याने दिलेली मोकळीक यांची स्वतंत्र मोजणी सुरू केली. ही फोड किती आवश्यक होती, हे एस्टोनियाच्याच उदाहरणावरून दिसते. नव्वदच्या दशकात या देशाने आयातशुल्क जवळपास संपुष्टात आणले होते. २००४ मध्ये युरोपीय संघात प्रवेश करताना मात्र संघाचे सामायिक शुल्क त्याला बाहेरच्या देशांवर लावावे लागले. म्हणजे एक दार रुंद झाले, तेव्हा दुसरे काहीसे लोटून घ्यावे लागले.

आता छत्तीसगडकडे वळू. १ नोव्हेंबर २००० रोजी जन्मलेल्या या राज्याची लोकसंख्या २०११च्या जनगणनेनुसार सुमारे २ कोटी ५५ लाख, म्हणजे एस्टोनियाच्या जवळपास वीसपट. परवाना पद्धत आणि पोलादावरील मालवाहतूक समानीकरण यांतून बाहेर पडलेला हा प्रदेशही एका अर्थाने संक्रमणशीलच. पण त्याच्या सीमेवर जकात अधिकारी नाही. (१९५६ पर्यंत नागपूर हीच रायपूरचीही राजधानी होती, हे येथील मराठी कुटुंबांना सांगायला नको.) देशातील आंतरराज्य व्यापार सकल उत्पादनाच्या सुमारे ५४ टक्के असल्याचा अंदाज २०१६-१७च्या आर्थिक पाहणीने मांडला होता. या प्रचंड उलाढालीत भनपुरीची सळईही येते. फक्त तिला 'खुलेपणा' म्हणत नाहीत.

परराष्ट्र व्यापाराचा आकडाही निखळ नाही. लोकसभेत राज्यनिहाय निर्यातीचा प्रश्न आला की उत्तराला तक्ता जोडला जातो आणि मग सदस्य आपापल्या राज्याचा क्रमांक शोधू लागतात. परंतु शिपिंग बिलावर निर्यातदाराने जे मूळ राज्य लिहिले, त्यावरच तो तक्ता उभा असतो. छत्तीसगडचा तांदूळ काकीनाडा बंदरातून परदेशी जातो. मधल्या व्यापाऱ्याने आंध्र लिहिले, तर तो आंध्रचा.

खरा राजकीय प्रश्न त्याहून पुढचा आहे. राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीतील केंद्र सूचीत ४१व्या नोंदीने परदेशी व्यापार संपूर्णपणे केंद्राकडे दिला आहे. मे २०२२ मध्ये लोहखनिजाच्या पेलेट्सवर ४५ टक्के, तर काही पोलादी उत्पादनांवर १५ टक्के निर्यातशुल्क एका रात्रीत लागू झाले आणि नोव्हेंबरात उठले. जुलै २०२३ मध्ये बिगरबासमती पांढऱ्या तांदळाची निर्यात थांबली. ती सप्टेंबर २०२४ मध्ये खुली झाली. महागाई रोखणे हे केंद्राचे कर्तव्य आहे, त्याबद्दल वाद नाही. पण निर्णय दिल्लीचा, आणि घसरलेला आकडा रायपूरच्या नावावर! निती आयोगाने २०२० पासून राज्यांची निर्यात-सज्जता मोजायला घेतली, भूवेष्टित राज्यांचा वेगळा गट केला, हे योग्यच झाले. तथापि रस्ते, गोदामे आणि परवानग्या राज्याच्या हाती असतात, शुल्क नसते. ही जबाबदारीची विभागणी गुणपत्रिकेतही उतरायला हवी; अन्यथा एस्टोनियाला आपल्या निर्णयाचे गुण मिळतील आणि छत्तीसगडला दुसऱ्याच्या.

दरम्यान, भनपुरी जगाशी कधीच जोडली गेली आहे. परिसरातील स्पंज आयर्नच्या भट्ट्यांत दक्षिण आफ्रिकेचा कोळसाही जळतो. त्या कोळशाचा बंदरावरचा भाव चढला की बिलेट महागते, आणि बिलेट महागली की सळईचा दर. २०२२ मध्ये निर्यातशुल्क लागल्यावर देशातील पोलाद उतरले, तेव्हा रोलिंग मिलला कच्चा माल स्वस्त मिळाला. पण ज्याच्या आवारात आधीच्या चढ्या दराचा माल पडून होता, त्याने तोटा सोसला. बाहेरचा धक्का गिरणीच्या फाटकापर्यंत किती दिवसांत पोहोचतो आणि त्यातला किती कामगाराच्या पाळीवर उतरतो, हे मोजायला सीमाशुल्काची नोंद लागत नाही. गिरणीच्या खरेदी-विक्रीच्या आणि हजेरीच्या वह्या लागतात.