जुनं ते सोनं, की कान तेच जुने?

मेटालिका या मेटल बँडचे दोन चाहते भेटले की वाद ठरलेला. एकाला १९८६चा ‘मास्टर ऑफ पपेट्स’ हा अल्बमच खरा वाटतो, दुसरा २०२३च्या ‘७२ सीझन्स’ची बाजू घेतो. या भांडणात मेंदूचाही मोठा हात असतो.

साधारण दहा ते तीस या वयातल्या आठवणी माणसाला उतारवयातही जास्त ठळकपणे आठवतात. त्या वयात मनात भिनलेलं गाणं पहिली मैत्री, पहिलं बंड सोबत घेऊन येतं. शिवाय एखादी गोष्ट वारंवार समोर आली की ती आवडू लागते, हे रॉबर्ट झायन्स या मानसशास्त्रज्ञाने १९६८मध्ये दाखवलं. जुना अल्बम हजारदा ऐकलेला, नवा जेमतेम दोनदा. मग तुलना बरोबरीची कशी होणार?

पण प्रत्येक तक्रार आठवणींच्या खात्यात टाकू नये. मेटालिकाचाच २००८चा ‘डेथ मॅग्नेटिक’ घ्या. आवाज मोठा करण्याच्या नादात ध्वनिलहरींची टोकं छाटली गेली आणि ड्रमचा ठोका फाटल्यासारखा ऐकू येऊ लागला. तीच गाणी ‘गिटार हिरो’ या व्हिडिओ गेममध्ये अधिक मोकळी वाजत होती. चाहत्यांच्या कानांनी हा फरक अचूक टिपला.

‘७२ सीझन्स’ म्हणजे वर्षाचे चार ऋतू धरून आयुष्याची पहिली अठरा वर्षं. माणूस घडतो तो काळ. त्या काळात भिनलेल्या गाण्यांशी तुलना करण्याआधी नवा अल्बम निदान दहा वेळा ऐका, मगच निकाल द्या. कानांनाही ओळख व्हायला वेळ लागतो.