बर्फाखालचा मिशीवाला

या, बसा. आज अमेरिकेतल्या मिनेसोटाची गोष्ट. जानेवारीत तिथे पारा शून्याखाली वीस अंश उतरला तरी कुणाला त्याचं नवल वाटत नाही. तळी अशी गोठतात की माणसं त्यांवरून चालत जातात. अर्थात आधी बर्फाची जाडी मोजून! चालायला निदान चार इंच स्वच्छ, पारदर्शक बर्फ हवा, आणि बर्फ पांढरट असेल तर त्याच्या दुप्पट, असं तिथलं सरकारी खातं दरवर्षी बजावतं. तरी कुणीतरी घाई करतोच. शहाणपण सगळीकडे सारखंच वाटलंय म्हणायचं.

तर तळ्याच्या मधोमध एक माणूस येतो. हातात गिरमिट. सुताराचं छोटं नव्हे, दहा इंच रुंद भोक पाडणारं. भोक पडलं की त्यात पुन्हा पातळ बर्फ धरायला लागतो, तो उपसायला लांब दांड्याचा झारा. मग हातभर लांबीची काठी, दोरा, गळ आणि आमिषाला छोट्या मासळीचं मुंडकं. बसला वाट बघत. कुणाची? चॅनल कॅटफिशची. आपल्या शिंगाळ्याच्या, मागूरच्या लांबच्या नात्यातला. तशाच मिशा, अंगावर खवले नाहीत, आणि परांना तसेच टोचणारे काटे.

काय म्हणालीस? मासा गोठून जात नाही?

छान विचारलंस. बहुतेक पदार्थ थंड होतील तसे जड होत जातात. पाणी मात्र चार अंशांपर्यंतच हा नियम पाळतं. त्याहून गार झालं की उलट हलकं व्हायला लागतं, आणि बर्फ झाला की पाण्यावर तरंगतो. म्हणून तळं वरून गोठतं. चार अंशांचं जड पाणी तळाशी जाऊन राहतं आणि वरचा बर्फ बाहेरची थंडी अडवतो. पाण्याने हा हट्ट केला नसता तर बर्फ तळाशी साचत गेला असता आणि मिनेसोटातल्या कित्येक तळ्यांत मासा औषधालाही उरला नसता.

मासा जगतो खरा, पण त्याचं अंग पाण्याइतकंच गार. पाणी दहा अंशांनी उतरलं की त्याच्या शरीराचा कारभार साधारण निम्म्यावर येतो. भूक कमी, पचन संथ, धावपळ बंद. त्यात बर्फावर हिमाचा थर, म्हणजे खाली काळोख. मग ते मुंडकं त्याला सापडतं कसं?

चवीने! आपल्या तोंडात स्वादकलिका असतात काही हजार. याच्या अंगावर लाखाहून जास्त. मिशांवर सगळ्यांत दाट, पण पोटावर, पाठीवर, अगदी शेपटीपर्यंत पसरलेल्या. सगळं अंग म्हणजे जीभच. पाण्यात विरघळलेला मासळीचा रस त्याच्या कातडीला लागला की त्याला खाण्याचा पत्ता लागतो.

हे नुसतं सांगण्यापुरतं नाही हं. १९६७ साली जॉन बार्डाख आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी याच कुळातल्या बुलहेड माशांवर प्रयोग केला. वास घेण्याची शक्ती काढून घेतली, तरी मासे दूरवरच्या खाण्यापर्यंत बरोबर पोचले. मग एका बाजूची चव घेण्याची सोय काढून टाकली. तर मासे शाबूत बाजूकडे वळत गोल गोल फिरत राहिले! म्हणजे डावीकडे चव जास्त की उजवीकडे, हे ताडत ताडत तो वाट काढत असतो. माशांच्या जिवावरचा प्रयोग मला फारसा रुचत नाही, पण उत्तर मात्र लख्ख मिळालं.

आता वर बसलेल्याची परीक्षा. उन्हाळ्यात हाच मासा गळ हिसकावून नेतो. हिवाळ्यात येतो, आमिषाला मिशा लावतो, थांबतो. काठीचं टोक जेमतेम वाकतं. वाऱ्याने हललं असं वाटून माणूस दुर्लक्ष करतो आणि तेवढ्यात मासा आमिष सोडून निघूनही जातो. शिवाय तो तळालाच असेल असं नाही. थोडा वर, घोळक्याने तरंगत असतो. म्हणून जाणकार एका भोकापाशी हटून बसत नाहीत. दुसरं पाडतात, तिसरं पाडतात.

याचा मोठा भाऊ फ्लॅटहेड कॅटफिश मात्र वेगळा. १९९८ साली कॅन्ससमध्ये गळाला लागलेला एक भरला १२३ पौंड, म्हणजे छप्पन्न किलोंच्या आसपास. एवढा दांडगा गडी, पण थंडी पडली की खाणंपिणं जवळपास सोडतो. मिसिसिपीसारख्या नदीत वाहतं पाणी ढवळत राहतं, त्यामुळे तळाशीही शून्याजवळची गारठवणारी थंडी. फ्लॅटहेड तिथे प्रवाह मंद असलेला खोल खड्डा गाठतात आणि एकमेकांशेजारी पडून राहतात. पाणबुड्यांनी खाली जाऊन पाहिलंय, काहींच्या पाठीवर गाळाचा थर बसलेला असतो, इतकी हालचाल कमी.

अशांना वरून आकडा टाकून ओढून काढणं काय अवघड? म्हणूनच मिनेसोटात १ डिसेंबर ते ३१ मार्च फ्लॅटहेड धरायला कायद्याने बंदी. चॅनल कॅटफिशला बंदी नाही, कारण तो निदान तोंड तरी उघडतो. फसायचं की नाही हे त्याच्या हातात. फ्लॅटहेडचा हंगाम पुन्हा उघडतो १ एप्रिलला. हसताय काय? तारीख खरीच तीच आहे.