सज्जनांचे मौन आणि वंशभेदाचे पाप

१२ एप्रिल १९६३, गुड फ्रायडेचा दिवस. अमेरिकेतील अलाबामा राज्याच्या बर्मिंगहॅम शहरात निदर्शनबंदीचा हुकूम मोडल्याबद्दल रेव्हरंड मार्टिन ल्यूथर किंग यांना अटक झाली. त्याच दिवशी आठ गोऱ्या धर्मपुढाऱ्यांचे निवेदन प्रसिद्ध झाले. निदर्शने अविचाराची व अवेळी आहेत, त्यांत बाहेरच्यांचा हात आहे, कृष्णवर्णीयांनी न्यायालयात दाद मागावी व स्थानिक पातळीवर बोलणी करावीत, असा त्याचा आशय होता. सह्या करणाऱ्यांत प्रॉटेस्टंट पुढारी होते, एक यहुदी रब्बी होते आणि कॅथलिक सहायक बिशप जोसेफ ड्युरिक हेही होते.

हे आठ जण वंशद्वेष्टे नव्हते. त्याच वर्षी जानेवारीत त्यांनी इतर धर्मपुढाऱ्यांसह वंशविभाजनाच्या समर्थकांना न्यायालयाचे आदेश पाळण्याचे आवाहन केले होते. ते स्वतःला मवाळ व समंजस मानीत. म्हणूनच किंग यांनी तुरुंगातून १६ एप्रिल रोजी लिहिलेले उत्तर जिव्हारी लागणारे ठरले. न्यायापेक्षा शांतता ज्याला अधिक प्रिय आहे, ध्येय मान्य पण मार्ग अमान्य असे जो म्हणतो आणि दुसऱ्याच्या मुक्तीची वेळ स्वतः ठरवू पाहतो, तो मवाळ गोरा माणूस उघड शत्रूपेक्षाही मोठा अडसर ठरतो, असे त्यांचे प्रतिपादन होते.

हे केवळ दक्षिणेपुरते खरे नव्हते. उत्तरेकडील डेट्रॉइट शहरातील शाळांचा दावा पाहा. शहरातील बहुसंख्य विद्यार्थी कृष्णवर्णीय, तर भोवतालच्या उपनगरांतील शाळा प्रामुख्याने गोऱ्यांच्या. कनिष्ठ न्यायालयाने ५३ उपनगरी शाळा-विभागांना एकत्रीकरणाच्या योजनेत घेतले. परंतु १९७४ साली सर्वोच्च न्यायालयाने ५ विरुद्ध ४ मतांनी त्यांना वगळले. अमेरिकेत अनेक ठिकाणी शाळांचा बराचसा खर्च स्थानिक मालमत्ता करातून चालतो. त्यामुळे महागडी वस्ती, चांगली शाळा आणि चढता घरभाव यांची साखळी तयार होते. दूरच्या अन्यायाविरुद्ध बोलणारी उदारमतवादी कुटुंबेही आपल्या गल्लीत स्वस्त घरांची योजना आली की गप्प बसतात किंवा विरोध करतात. कुणाविषयी द्वेष नसतानाही विषमता टिकते, ती अशी. येथे मौन म्हणजे तटस्थता नव्हे. ज्याला लाभ होतो, त्याचे मौन हा सहभागच असतो.

बिशप ड्युरिक यांचे पुढे काय झाले? १९६४ साली ते टेनेसीतील नॅशविल धर्मप्रांतात आले. तेथे त्यांनी नागरी हक्कांचा उघड पुरस्कार केला, देहदंडाला विरोध केला आणि अनेकांचा रोष पत्करला. १९७५ साली बिशपपद सोडून त्यांनी बंदिजनांच्या सेवेला वाहून घेतले. ज्यांना तुरुंगातून पत्र आले, ते अखेरीस तुरुंगाच्या दाराशी पोहोचले.

१९७९ साली अमेरिकेच्या बिशपांनी आपल्या मेषपालीय पत्रात वंशवाद हे पाप आहे, असे स्पष्ट म्हटले. पाप जसे कृतीने घडते, तसे कर्तव्य टाळल्यानेही घडते, ही ख्रिस्तसभेची जुनी शिकवण आहे. आपण काय केले, याबरोबरच आपल्या दारापाशी अन्याय घडत असताना आपण काय केले नाही, याचाही जाब प्रत्येकाला द्यावा लागेल. मात्र ड्युरिक यांचे जीवन आपल्याला धीर देते : चुकीच्या कागदावर सही केलेल्या हातालाही पुढे न्यायाचे काम करता येते.